उशाकडची दोन फूट जागा

रुग्णालय घडताना : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण ऑक्सिजनच्या पाइपलाइनपाशी थांबलो होतो. आज त्या पाइपच्या टोकाला, मुलाच्या उशाशी जाऊ.

चालू रुग्णालयात बालअतिदक्षता विभाग करायचा, तर बहुतेक वेळा वाट्याला येतो एखादा जुना जनरल वॉर्ड. खांब हलत नाहीत, तुळयांमुळे एसीचे डक्ट डोक्यावर येतात आणि वरच्या मजल्यावरच्या संडासाचा पाइप नेमका याच छतातून गेलेला असतो. तो पाइप वळवल्याखेरीज मी पुढची रेघ मारत नाही.

नकाशावर खाटा वाढवायचा मोह मोठा. जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयात दहा खाटा बसतील, असे मीच काढून दिले होते. तिथल्या सिस्टरांनी रिकाम्या वॉर्डात खडूने एका खाटेची जागा आखली, खरी खाट आणून भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, ‘‘सर, बाळाला नळी घालायचीय असं समजा. डॉक्टर कुठं उभे राहणार?’’

श्वासनलिकेत नळी घालणारा डॉक्टर डोक्यामागे उभा राहतो. खाट दोन फूट पुढे ओढली. एका अंगाला व्हेंटिलेटर, दुसऱ्या अंगाला औषधांचे सिरिंज पंप, पायाशी पोर्टेबल एक्स-रे. तो वळेना. संध्याकाळपर्यंत रेघा पुसून पुसून दहाच्या सात खाटा झाल्या. १९५५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला भूलतज्ज्ञ गोरान हागलुंड यांनी मुलांसाठीचा जगातला पहिला असा विभाग उभा केला, तोही सातच खाटांचा होता.

मूल लहान, म्हणून जागाही कमी लागेल, ही समजूत मला वारंवार भेटते. यंत्रे मोठ्यांइतकीच लागतात. शिवाय इथे चार किलोचे तान्हे येते आणि चाळीस किलोचा शाळकरी मुलगाही. एकाला वॉर्मर, दुसऱ्याला पूर्ण खाट. नळ्या, मास्क, बीपीचे पट्टे सगळ्या मापांत हवेत, आणि तेही हाताशी.

आणि आई. आपल्याकडे ती दाराबाहेर चादर अंथरून बसलेली दिसते. मला हे पटत नाही. तिचा हात हातात असला की मूल शांत राहते, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला ती जवळच हवी. तिची खुर्ची खाटेबरोबरच नकाशात काढावी. नाहीतर पहिल्याच दिवशी ‘जागा नाही’ म्हणून तिला बाहेर बसवले जाते.

आता दाराविषयी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या दिवसापासून मी कुठलाही नकाशा हातात घेतला की आधी दुसरे दार शोधतो. व्हेंटिलेटरवरचे मूल आगीत जिन्याने नेता येत नाही, लिफ्ट वापरायची नसते. खाट त्याच मजल्यावर, आग थोपवणाऱ्या भिंतीपलीकडे ढकलत नेता आली पाहिजे, आणि सिलिंडर लावलेली खाट त्या दारातून न अडखळता जायला हवी.

आमच्या त्या वॉर्डाला दुसरे दारच नव्हते. शेजारच्या वॉर्डाकडची भिंत फोडून ते काढले. सातवी खाट त्यात गेली. सहा खाटांचा नकाशा घेऊन आम्ही अधीक्षकांकडे गेलो, तेव्हा सिस्टर सोबत होत्या.

(पुढच्या आठवड्यात : वॉर्डातली हवा)