पाणंदीतली सायकल

बेळगावकडे शेतात जाणाऱ्या वाटेला पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर घाणेरी नाहीतर बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामधे गवताची पट्टी. कडोलीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण पुण्यामुंबईत, बंगळूरला किंवा त्याहून लांब वाढलेल्या आपल्या मुलांना ‘डबल ट्रॅक’ आणि ‘सिंगल ट्रॅक’ हे शब्द पाठ असतात, पाणंद ऐकून माहीत नसते. गंमत म्हणजे गोष्ट एकच आहे. माउंटन बाइकवाले ज्याला डबल ट्रॅक म्हणतात ती आपली गाडीवाट आणि सिंगल ट्रॅक म्हणजे बांधाकडेची पायवाट.

गेल्या काही वर्षांत बेळगावात सायकलींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. रविवारी पहाटे हेल्मेट घातलेली टोळकी कॅम्पातल्या झाडीतून बाहेर पडतात. कुणी येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे वळतं, कुणी जांबोटीच्या रस्त्याला लागून चोर्ला घाटाचा विचार करतं. लांब पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ राइडचं वेडही आलं आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत असा तो हिशेब. इथे पहिला नंबर कुणाचाच नसतो, वेळेत पोहोचला तो पास. आणि या डांबरी रस्त्यांना कंटाळलेले काहीजण जाड टायरच्या सायकली घेऊन शिवारात शिरतात. हा लेख त्या शिवारातल्या सायकलीबद्दल आहे.

माउंटन बाइक हा प्रकार कुठल्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही पोरं १९३०-४० च्या जमान्यातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून आणायची आणि मातीच्या उतारावरून सुसाट सोडायची. १९७६ पासून त्यांनी तिथे शर्यती भरवल्या. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरच्या अंतरात सुमारे ४०० मीटरचा उतार! त्या सायकलींना मागच्या चाकातच ब्रेक असायचा, पायडल उलटं मारलं की लागणारा. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक खेपेनंतर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. पुढे जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी धंदा सुरू केला आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

हे वाचून आपल्याकडचा कुठलाही सायकल दुकानदार गालातल्या गालात हसेल. हब खोलणं, छर्रे रॉकेलमध्ये धुणं, ग्रीस भरून कोन बसवणं हे त्याचं रोजचंच काम. दुधाच्या किटल्या आणि भाजीची पोती लादून चिखलातून बाहेर येणारी काळी सायकल गियर, शॉकअप असलं काही न मागता तेच करत होती. कडोली आणि आसपासच्या गावांतलं दूध, बटाटे, भाजीपाला बेळगावच्या बाजारात जायचा, त्यातला किती माल या सायकलींनी ओढला याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मधल्या दांड्याखालून पाय घालून लंगडी सायकल शिकलेली पिढी अजून गावात आहे. या सुट्टीत आजोबांना विचारून पाहा, ते सायकल कुठे आणि कशी शिकले. पडल्याच्या खुणाही दाखवतील.

शाळेशीही सायकलचं नातं आहे. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांना मोफत सायकली देण्याची योजना राबवली. आधी मुलींसाठी सुरू झाली, मग मुलांनाही मिळाली. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांतल्या मुलीही त्या सायकलींवरून हायस्कूलला गेल्या. चौथी-सातवीनंतर ‘लांब पडतं’ म्हणून घरी बसणाऱ्या मुलीच्या आयुष्यात एका सायकलीने काय फरक पडतो, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरातच दिसलेलं आहे. कोविडच्या काळात ती योजना थांबली.

स्पर्धेच्या बाजूनेही हा मुलूख मागे नाही. विजयपूर, बागलकोट आणि आपला बेळगाव जिल्हा ही देशातल्या सायकलपटूंची खाण समजली जाते. रामदुर्ग तालुक्यातल्या चंदरगीच्या क्रीडा शाळेत खेड्यातली मुलं सायकलिंगचे धडे घेतात. महाराष्ट्राकडे पाहिलं तर नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. भारतीय संघाने ती पुरी करण्याची ही पहिलीच वेळ. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावलं. यातलं कुणीही हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेलं नाही.

आता आपल्या शिवाराकडे वळू. कडोलीच्या बाजूने मार्कंडेय नदी वाहते. राकसकोपच्या जलाशयातून बेळगाव शहराला पाणी पाजून ती या शेतांकडे येते आणि पुढे गोकाकच्या दिशेने जाते. पावसाळ्यात ती काठची शेतं पाण्याखाली घालते. त्या दिवसांत पाणंदीत सायकल घालणं म्हणजे शहाणपण नव्हे. चिखल टायरला चिकटतो, फोर्कमध्ये भरतो, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तुमच्या चाकाने पाडलेली चर पावसाच्या पाण्याला वाट करून देते, ते वेगळंच. खरा हंगाम दिवाळीनंतरचा. सुगी आटोपलेली, चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या, सकाळी धुकं. टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे पकड चांगली बसते. बाभळीचा काटा मात्र कुणाचीच गय करत नाही. ट्यूब, सोल्युशन आणि पंप जवळ हवाच.

थोडा सराव झाला की काकतीचा डोंगर आहे, राणी चन्नम्मांचं माहेरगाव त्याच्या पायथ्याशी. पश्चिमेला देवरवाडीचा वैजनाथ आहे. तिकडे जाताना एक गोष्ट घडते ती मुलांनी नक्की बघावी. पाटीवरची भाषा बदलते, समोरून येणाऱ्या गाड्यांवर केए २२ ऐवजी एमएच ०९ दिसायला लागतं. आपण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आलेलो असतो. भात तेच, माती तीच, ‘कुठनं आलासा?’ हा प्रश्नही तोच. सायकलला नंबरप्लेट नसते, हे त्या ठिकाणी फार बरं वाटतं.

पण या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पाणंद ही मोकळी पडलेली जागा नव्हे. ती कुणाच्या तरी पोटाची वाट आहे. बेळगावच्या नियोजित रिंग रोडसाठी तालुक्यातली सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकरी अनेक वर्षं न्यायालयात आणि रस्त्यावर लढत आहेत. ज्याच्या मनात जमीन जाण्याची भीती आहे, त्याच्या शेतात अचानक चार अनोळखी माणसं हेल्मेट घालून, मोबाइलवर नकाशा बघत उभी राहिली तर त्याला काय वाटेल? मोजणीवाले आले असंच वाटणार. त्याने हटकलं तर तो उर्मट नाही, घाबरलेला आहे. अशा वेळी सायकलवरून उतरावं, हेल्मेट काढावं, कुणाचे कोण ते सांगावं. ‘कडोलीच्या अमक्याचा नातू’ एवढं म्हटलं की निम्मं काम होतं. उरलेलं काम घोटभर पाणी मागितलं की होतं.

म्हणून शिवारातल्या सायकलीचे नियम शिवारानेच ठरवलेले आहेत. बैलगाडी समोर आली की आपण बांधाला लागायचं. बैल बुजला तर माणूस जखमी होतो. रस्त्यावर भात नाहीतर जोंधळा वाळत घातला असेल तर त्यावरून चाक न्यायचं नाही. नुकत्याच पेरलेल्या शेतातून जवळची वाट नाही. ऊस कितीही गोड दिसला तरी विचारल्याशिवाय मोडायचा नाही. बिस्किटाचा कागद खिशात. खानापूरकडे भीमगडचं अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय शिरायचंच नाही.

या बदल्यात सायकलवाल्यांनी गावाला काही देताही येईल. पाणंदी आक्रसत आहेत. दोन्हीकडून बांध पुढे सरकतात, वाटेत झुडपं वाढतात आणि एक दिवस गाडी जाईल एवढी जागाच उरत नाही. मग शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं आणि कोर्टकचेऱ्या. कर्नाटकात ‘नम्म होल, नम्म दारी’, म्हणजे आपलं शेत, आपली वाट, या नावाने आणि महाराष्ट्रात मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून अशा वाटा दुरुस्त करण्यासाठी पैसा उपलब्ध झाला. पण कुठली वाट कुठून जात होती हे आधी कुणाला तरी माहीत असायला हवं. ते आज गावातल्या सत्तरीच्या माणसांना ठाऊक आहे. सायकलवरून फिरणाऱ्या मुलाकडे मोबाइल असतो, त्यात गेलेल्या वाटेची नोंद आपोआप होते. आजोबांनी सांगायचं, ‘इथनं पूर्वी गाडी जायची,’ आणि नातवाने ती वाट फिरून, तिचं नाव विचारून नोंदवून ठेवायची. दोन सुट्ट्यांत एका गावाच्या पाणंदींचा नकाशा तयार होईल.

कडोलीत दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, त्या निमित्ताने बाहेरगावची अनेक घरं गावाकडे येतात. हंगामही नेमका सायकलीचा असतो. या वेळी गाडीच्या टपावर सायकल बांधून आणा. नसेल तर गावात कुणाची ना कुणाची मिळेल. हवा मात्र निघण्याआधी तपासून घ्या.