गावच्या ग्रुपवर दुबईचा कायदा

दुबई : भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत आखातातली नोकरी आता नवलाची राहिलेली नाही. हैदराबादहून निघालेला माणूस काही तासांत इथं उतरतो आणि त्याच संध्याकाळी घरून पहिली तक्रार येते : व्हॉट्सॲपवर फोन का लागत नाही? मेसेज जातो, फोटो जातो, आवाजाची क्लिपही जाते. कॉल मात्र लागत नाही. आईला वाटतं, पोरगाच उचलत नाही.

पोराचा यात काही दोष नाही. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्याची सोय द्यायची, तर दूरसंचार नियामकाची परवानगी लागते. व्हॉट्सॲपच्या कॉलला ती नाही, बोटिमसारख्या काही ॲपना आहे. कोरोनाकाळात झूम आणि टीम्सलाही मुभा मिळाली. पण बोटिम दोन्ही टोकांना हवं. म्हणजे भालकीतल्या आजीच्या फोनमध्येही ते कुणीतरी बसवून द्यायला हवं.

सोनापूरच्या कामगार वस्तीत कमलनगरकडचा एक तरुण भेटला. रात्री जेवण झालं की तो वरच्या बंकवर चढून बायकोने दिवसभरात पाठवलेल्या क्लिपा एकेक करून ऐकतो. ती बोलत असते आणि तो मध्येमध्ये ‘हं’, ‘बरं’ म्हणत राहतो. मग आपल्या क्लिपा बोलून पाठवतो आणि झोपतो. ती त्या सकाळी ऐकते. दोघांचा संसार असा चाललाय.

इंटरनेटवरचा ठावठिकाणा लपवणारं व्हीपीएन टाकून ही अडचण दूर होते, असा सल्ला गावाकडचा कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नये. 2021 चा 34 क्रमांकाचा सायबर गुन्हे आणि अफवांविरोधी कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरला (आणि परवानगी नसलेला कॉल लावणंही त्यात धरलं जाऊ शकतं), तर या कायद्याखाली कैद आणि 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड होऊ शकतो. ऑनलाइन शिवीगाळीलाही कैद किंवा अडीच लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. अडीच लाख दिरहम म्हणजे आजच्या भावाने साठ लाख रुपयांच्या आसपास. महिन्याला हजार-बाराशे दिरहम कमावणाऱ्याने हा आकडा आपल्या पगाराशी ताडून पाहावा.

इथं गुन्हा कशाला म्हणतात, ते गावाकडे ठाऊक नसतं. पुतण्याच्या ऑपरेशनसाठी मदतीचं आवाहन ग्रुपवर येतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘दुबईकरांनी पुढे पाठवा’. परवान्याशिवाय वर्गणी मागणं, तसं आवाहन पसरवणं इथं बेकायदा आहे. 2016 साली एका ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन रहिवाशाला अफगाण निर्वासितांच्या ब्लँकेटांसाठी मदतीची पोस्ट फेसबुकवर टाकल्यामुळे कोठडीत जावं लागलं. दुसऱ्याचा फोटो त्याला न विचारता टाकणं, अपघाताचं चित्रीकरण करणं हेही तसंच. 17 जानेवारी 2022 ला अबू धाबीवर हल्ला झाला. दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी कामगार ठार झाले. घाबरून घरचे म्हणत होते, ‘व्हिडिओ पाठव, काय चाललंय ते दिसू दे.’ त्याच दिवसांत असे व्हिडिओ पसरवणाऱ्यांना इथल्या सरकारी वकिलांनी चौकशीला बोलावलं होतं.

स्थानिक नागरिकालाही हाच कायदा आहे, पण परदेशी माणसावर त्याचा भार वेगळा पडतो. सिम कार्ड एमिरेट्स आयडीला जोडलेलं, आयडी विझ्याला आणि विझा कंपनीला. दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला न्यायालय दंडाबरोबर हद्दपारही करू शकतं. एजंटचे पैसे, पतपेढीचं कर्ज, बहिणीचं लग्न हे सगळं ज्याच्या मानेवर आहे, त्याला विझा कॅन्सल झाला हेच सर्वांत मोठं भय. म्हणून खोलीत राजकारणाचा विषय निघाला की माणसं गप्प होतात. मला हे मनापासून खुपतं. गावच्या पारावर मोठ्याने बोलणारी हीच माणसं.

हे भय अगदीच निराधार नाही. अहमद मन्सूर हे इथलेच नागरिक, मानवी हक्कांचे कार्यकर्ते. 2016 मध्ये त्यांच्या आयफोनवर पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवण्याचा प्रयत्न उघड झाला, 2017 मध्ये त्यांना अटक झाली आणि 2018 मध्ये ऑनलाइन लिखाणासाठी दहा वर्षांची शिक्षा. 2021 मध्ये भारतात ज्या पेगाससवरून वादळ उठलं, तेच हे.

एक गोष्ट मात्र मी इथल्या कायद्याच्या बाजूने सांगेन. एप्रिल 2020 मध्ये मुसलमानांविरुद्ध विखारी पोस्ट टाकणाऱ्या काही भारतीयांच्या इथल्या नोकऱ्या गेल्या. भेदभाव आपल्या संस्कारात बसत नाही आणि कायद्यातही, याची आठवण तेव्हाचे राजदूत पवन कपूर यांना आपल्याच लोकांना जाहीरपणे करून द्यावी लागली. ती वेळ येऊ द्यायला नको होती.

कारण विखारी मेसेज काय करतो, ते आपल्या भागाने पाहिलंय. 13 जुलै 2018, औराद तालुक्यातलं मुरकी. हैदराबादहून आलेल्या मित्रांनी वाटेत शाळकरी पोरांना चॉकलेटं दिली. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून त्यांच्या गाडीच्या पुढे धावली. जमावाने एका तरुण इंजिनिअरचा जीव घेतला. जखमींमध्ये कतारहून आलेला पाहुणाही होता आणि वाचवायला धावलेले पोलीसही. आठवडाभरात केंद्राने व्हॉट्सॲपला दुसरी नोटीस धाडली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आली.

केंद्राच्या फेब्रुवारी 2021 च्या आयटी नियमांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. मेसेज पहिल्यांदा कुणी लिहिला, ते सरकारने किंवा न्यायालयाने मागितलं तर मोठ्या कंपनीने सांगायचं. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजचं कुलूप, मोडायला लावलं तर भारत सोडावा लागेल, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल 2024 मध्ये तिथं सांगितलं. मुरकीनंतर मेसेजचा माग काढण्याची ही मागणी उठणं साहजिक होतं. तरी इथं राहून माझं मत पक्कं झालंय की ती मान्य होऊ नये. एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्या मेसेजवर खूण ठेवावी लागते. मुरकीचे आरोपी तर पोलिसांनी व्हिडिओ पाहूनच ओळखले होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला घटनेच्या एकविसाव्या कलमाचा आधार दिला आणि ते कलम केवळ नागरिकाला नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. मुरकीत जखमी झालेल्या त्या कतारी पाहुण्यालाही. इथल्या कमलनगरच्या पोराला त्या कलमाचा आधार नाही.

तेव्हा घरच्यांनी एवढं करावं. आखातातल्या माणसाला गावच्या राजकीय ग्रुपमध्ये न विचारता घालू नये, वर्गणीचं आवाहन त्याच्यामार्फत फिरवू नये, आणि त्याला पोलिसांनी बोलावलंच तर ती बातमी ग्रुपवर टाकण्याआधी त्याला दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा चोवीस तास चालणारा नंबर द्यावा : 800 46342. अमिरातीतून तो फुकट लागतो.