खळ्यापासून बिळापर्यंत

पाथर्डीला बाजरीची मळणी उरकून खळं झाडलं, की दुसऱ्या दिवशी बांधापर्यंत मुंग्यांची रांग लागायची. वीस वर्षांपूर्वी त्या रांगेशी भिंग घेऊन बसलो, तोवर लाल ती चावरी आणि काळी ती गरीब, एवढीच माझी ओळख होती.

पहिल्या वहीत त्या रांगेतल्या दोन जाती लिहिल्यात: एक बारीक, दुसरी भल्यामोठ्या डोक्याची. पुढच्या वर्षी त्या एकाच बिळात शिरताना दिसल्या. दोघी कामकरीच, मोठं डोकं दाणे फोडायला. ही फायडोली. मग रंग सोडला आणि कंबर बघायला लागलो. मुंगळ्याच्या कमरेला एक गाठ, हिच्या कमरेला दोन. मुंगळ्याला नांगी नसते. तो कडकडून चावतो आणि चाव्यावर आम्ल सोडतो. आजही कुणी मुंगी दाखवली की मी आधी कंबरच बघतो.

या फायडोलीचा आपल्या दख्खनशी संबंध जुना आहे, हे मला फार उशिरा कळलं. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1829 मध्ये पुण्यात पाहिलं, की पावसानं भिजलेलं गवताचं बी मुंग्या बिळाबाहेर आणून उन्हात वाळवतात. 1835 मध्ये त्यांनी तिला ‘अट्टा प्रोव्हिडेन्स’ नाव दिलं. प्रोव्हिडेन्स म्हणजे पुढचं बघणारी. अट्टा हे नाव पुढे अमेरिकेतल्या पानकाप्या मुंग्यांपुरतंच उरलं आणि आपली मुंगी फायडोलीत गेली. 1892 मध्ये वनाधिकारी रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लिहिलं. 1903 मध्ये बिंगहॅम यांचा मुंग्यांवरचा ग्रंथ आला. 2016 च्या यादीत भारतातल्या जाती-उपजाती 828 भरल्या. माझ्या हाती मात्र पहिलं उपयोगी पडलं ते अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं 2006 मधलं पुस्तक.

पाऊस यायचा असला की मुंग्या अंडी हलवतात, असं आजी म्हणायची. भिंगातून पाहिलं तर तोंडात धरलेले ते पांढरे दाणे बहुतेक कोषच असतात. आजीला सांगायचं राहून गेलं.

आता मळणी यंत्रावर होते, खळं सारवत नाहीत. यंदा ऑक्टोबरात दोन दिवस पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा बांधावरच्या बिळाभोवती भुसाचं कडं होतं आणि त्या कड्यावर ओलं बी पसरलेलं होतं. मोठ्या डोक्याची एक बिळाच्या तोंडाशी उभी होती.