ऑपरेशन वहिनीचं, निर्णय कोणाचा?

धाकटी सहा आठवड्यांची झाली, तेव्हा इथे आल्मेरेत शेवटच्या तपासणीला मिडवाईफने सहज विचारलं, "पुढे काय वापरणार, ठरवलंय का?" गोळी, तांबी, इम्प्लांट, नवऱ्याची नसबंदी, सगळे पर्याय तिने आम्हा दोघांना समजावले. मला मात्र सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वहिनीची आठवण झाली.

लग्नाआधी मी तिकडेच शाळेत शिकवत होते. वहिनीला दोन मुली. आशाताईंनी तिला तांबीबद्दल नीट सांगितलं होतं आणि तिला ती बसवायचीही होती. पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "तांबी पोटात वर चढते." काकी म्हणाल्या, "आधी मुलगा होऊ दे, मग बघू." तिसऱ्या खेपेला मुलगा झाला आणि चोविसाव्या वर्षी वहिनीचं ऑपरेशन झालं. दादाने करून घ्यावं, असं मी सुचवून पाहिलं. "मग शेतातली जड कामं कोण करणार?" या एका वाक्यात विषय संपला. खरं तर नसबंदीने पुरुषाची ताकद जात नाही. शिवाय ती बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असते. आणि टाके ओले असताना धुणीभांडी वहिनीच करत होती!

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली दिसते. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण एक टक्काही नाही.

माहिती नव्हती म्हणावं, तर र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. योगायोग असा, की ज्या १८८२ साली कर्वे जन्मले, त्याच साली इकडे ॲमस्टरडॅममध्ये डॉ. आलेटा याकोब्स गरीब बायकांना गर्भनिरोधनाची साधनं देऊ लागल्या होत्या.

वहिनीला माहिती होती. नव्हती ती घरच्यांची संमती. हे सातारा जिल्हा परिषदेने बरोबर ओळखलं होतं, असं मला वाटतं. २००७ मध्ये तिथे 'हनिमून पॅकेज' सुरू झालं. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवणाऱ्या जोडप्याला पाच हजार आणि तीन वर्षं लांबवणाऱ्याला साडेसात हजार रुपये. रक्कम मोठी नव्हती. पण "गोड बातमी कधी?" विचारणाऱ्यांना नव्या सुनेला न भांडता देता येईल असं एक उत्तर मिळालं: "सरकारची योजना आहे, थांबलोय."

आपण इथे सात हजार किलोमीटरवर आहोत, तरी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तोच प्रश्न येतो. मंडळाच्या हळदीकुंकवालाही येतो. मीही तो एका नवीन आलेल्या मुलीला विचारला आहे. ती नुसती हसली आणि विषय बदलला. घरी येऊन फार वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले, तेव्हा वहिनीच्या थोरलीचं लग्न ठरत होतं. वहिनी स्वतः होणाऱ्या जावयाला म्हणाली, "पोरीचं कॉलेज होईपर्यंत पाळणा नको. आणि ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, आम्ही नाही." काकी शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात एवढं व्हायला एक पिढी जावी लागली.