सेनानी क्लार्क यांचा जमाखर्च

जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांचे चरित्र वाचू लागलो तेव्हा त्यांच्या मोहिमांनी मन वेधले हे खरे; परंतु पुढे त्यांच्या हिशेबांनी जी अस्वस्थता दिली, ती त्या पराक्रमाच्या वर्णनाने निवळली नाही.

१७५२ साली व्हर्जिनियात जन्मलेला हा गृहस्थ प्रथम जमिनीची मोजणी करीत केंटकीच्या अरण्यात गेला. अमेरिकेचे क्रांतियुद्ध पेटल्यावर व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांनी जानेवारी १७७८ मध्ये त्यास दोन हुकूम दिले: केंटकीच्या संरक्षणाचा उघड आणि ब्रिटिशांच्या ताब्यातील कॅस्कॅस्किया घेण्याचा गुप्त. सुमारे पावणेदोनशे लोकांची शिबंदी घेऊन क्लार्क ओहायो नदीतून निघाले आणि ४ जुलैच्या रात्री एकही गोळी न झाडता ते ठाणे त्यांच्या हाती आले. पाद्री जिबो यांच्या मध्यस्थीने व्हिन्सेन येथील फ्रेंच रहिवासीही वश झाले; पण डेट्रॉइटचे ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर हॅमिल्टन यांनी डिसेंबरात ते ठाणे परत घेतले.

वसंतापर्यंत थांबावे तर हॅमिल्टन कुमक घेऊन चालून येणार, हे ओळखून क्लार्क फेब्रुवारी १७७९ च्या आरंभी सुमारे १७० लोकांनिशी, ज्यांत निम्म्याच्या आसपास फ्रेंच होते, पुराने बुडालेल्या प्रदेशातून निघाले. वाबाश नदीजवळ पाणी कमरेवरून खांद्यापर्यंत चढले, शिधा संपला, आणि लोकांचे धैर्य सुटू लागले, तेव्हा त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन त्यात बंदुकीची दारू कालवली, ती तोंडाला फासली आणि रणगर्जना करीत स्वतः पाण्यात शिरले. मग मागून सारे उतरले. २५ फेब्रुवारीस व्हिन्सेनचा सॅकव्हिल किल्ला शरण आला. त्यापूर्वी पकडलेल्या काही मूलनिवासी कैद्यांस किल्ल्यासमोर कुऱ्हाडीने ठार करण्यात आले. हे क्रौर्य त्यांच्या नावावरून पुसता येणार नाही, आणि पुसूही नये.

हा सारा खर्च भागला कशातून? खजिन्यातून पैसा वेळेवर येत नसल्यामुळे क्लार्क यांनी आपल्या सहीवर माल उचलला. सेंट लुईसचे व्यापारी फ्रान्सिस व्हिगो यांनी पदरचे धन पुढे केले. युद्धानंतर व्हर्जिनियाच्या दफ्तराने पावत्यांवाचून रकमा मंजूर करण्याचे नाकारले. पावत्या तर क्लार्क यांनी पूर्वीच रवाना केल्या होत्या, त्या सापडेनात! सावकारांनी जिणे असे जेरीस आणले, की ज्याने एवढा मुलूख मिळवून दिला त्याला स्वतःच्या नावावर जमीन ठेवणे दुर्घट झाले. १८०९ मध्ये त्यांचा पाय कापावा लागला. १८१२ मध्ये व्हर्जिनियाने त्यांना एक तलवार आणि वर्षाला ४०० डॉलरचे निवृत्तिवेतन दिले. १८१८ च्या फेब्रुवारीत लुईव्हिलजवळ, बहिणीच्या घरी, त्यांचा अंत झाला. व्हिगो १८३६ मध्ये गेले. त्यांच्या वारसांच्या दाव्याचा निकाल लागला तो १८७६ साली.

आणि क्लार्क यांच्या पावत्या? त्या १९१३ साली रिचमंड येथील सरकारी हिशेबनिसाच्या इमारतीच्या माळ्यावर, गठ्ठे बांधलेल्या अवस्थेत, सापडल्या.