मोतीची धाप

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये माझा जुना विद्यार्थी काम करतो. गेल्या मे महिन्यात तेथल्या मोती नावाच्या कुत्र्याला कोणीतरी भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये बांधले आणि विसरले. दोन तासांनी पाहतात तो मोती आडवा पडलेला, जीभ लालभडक, तोंडाला फेस, पाय लटपटणारे. विषबाधा समजून त्याने जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, “ऊन लागले आहे. आधी अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मग आणा.”

“सर, आधी दवाखाना का नाही?” हा त्याचा प्रश्न. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

निरोगी कुत्र्याचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले, की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांच्या पेशींना इजा होऊ लागते, आणि मिनिटागणिक ती वाढते. रिक्षा मिळेपर्यंत थांबणे म्हणूनच महागात पडते.

माणसाला घाम येतो. कुत्र्याला तो फक्त तळपायांना, तोही नाममात्र. त्याची सारी भिस्त धापण्यावर. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरा आणि हिशेब करून पाहा: १५ किलोच्या कुत्र्याचे तापमान २ अंश उतरवायला जेमतेम ४३ ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन पुरते. अर्ध्या कपाहून कमी!

पण धापताना स्नायू राबतात, म्हणजे त्यातूनही उष्णता निर्माण होणारच. मग फायदा काय? येथे निसर्गाने मोठी गंमत केली आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले, तर थोड्या जोरात तो उंच जातो, हे अनुस्पंदन. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे यांनाही अशी नैसर्गिक लय असते. १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने ती मोजली, तेव्हा मिनिटाला ३१७ आली. कुत्री धापत होती मिनिटाला सुमारे ३२० वेळा! म्हणूनच कुत्र्याचा श्वास हळूहळू वाढत नाही, एकदम त्या लयीवर उडी घेतो. (पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र बाष्पीभवनाला जागाच कमी. आपल्या हवेत ती पाळण्याची हौस मला कळत नाही.)

मग मोतीचे काय चुकले? काहीच नाही. खाडीकाठच्या ठाण्याची हवा आधीच दमट. कोंडलेल्या शेडमध्ये ती आणखी दमट झाली. बाष्पीभवन मंदावले. वर तापलेला पत्रा अंगाहून गरम, त्यामुळे उष्णता बाहेर जाण्याऐवजी आतच येत होती.

अंगावर ओतलेले पाणी उष्णता घेऊन वाहून जाते, आणि उरलेल्याची पंख्याने वाफ होते. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये. तो लगेच तापतो आणि वारा अडवतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतणे तर धोक्याचेच, ते फुप्फुसात जाते.

दवाखान्यात पोहोचला तेव्हा मोतीचे तापमान ४०.६ होते. ३९.५ होताच डॉक्टरांनी पाणी थांबवले, कारण त्यानंतरही तापमान आपोआप उतरत राहते आणि गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. सलाइन लावले, मूत्रपिंडांसाठी रक्त तपासले, दोन दिवस ठेवून घेतले. इजा कधीकधी उशिरा दिसते.

चौथ्या दिवशी मोतीने दूधपोळी खाल्ली. आता त्याला दुपारी शेडबाहेर पिंपळाखाली बांधतात.