पोटाची चरबी आणि नियमित औषधे

आहार आणि व्यायाम सांभाळूनही पोटाचा घेर कमी होत नसेल, तर त्यामागे नियमित चालू असलेले एखादे औषध असू शकते. दमा, संधिवात अशा विकारांत दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कॉर्टिसोलसारखे, म्हणजे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या संप्रेरकासारखे कार्य करते. त्यामुळे दीर्घ वापरात भूक वाढते, स्नायू झिजतात आणि चरबी हातापायांपेक्षा पोटावर व चेहऱ्यावर अधिक साठते. मानसिक विकारांवरील ओलांझापिन भूक वाढवते, मधुमेहात दिले जाणारे इन्शुलिन चरबीचे विघटन रोखते, तर मधुमेहावरीलच मेटफॉर्मिनने वजन सहसा वाढत नाही. तथापि, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यास शरीरात कॉर्टिसोलची तीव्र कमतरता निर्माण होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून औषधात कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.